बर्फाला बोललेला नवस

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

स्वित्झर्लंडला जाऊन आलेल्या मराठी माणसाला विचारा, काय काय पाहिलंत? दहांतले नऊ जण युंगफ्राऊचं नाव घेतील. १९१२ मध्ये सुरू झालेली ती डोंगराच्या पोटातून जाणारी रेल्वे, ३४५४ मीटर उंचीवरचं युरोपातलं सर्वांत उंच स्टेशन, बाहेर पडल्यावर डोळे दिपवणारं बर्फ आणि वर चक्क भारतीय जेवण! मीही २००४ मध्ये एका सहलीबरोबर तिथं गेलो होतो. वेळ मोजका होता, त्यातला बराचसा जेवणाच्या रांगेत गेला. उरलेल्या वेळात गच्चीवर उभं राहून फोटो काढले.

त्या गच्चीवरून दक्षिणेकडं पाहिलं, की एक रुंद पांढरा रस्ता दोन बाजूंच्या शिखरांमधून खाली उतरत जाताना दिसतो. ती आलेच हिमनदी, आल्प्समधली सर्वांत मोठी. आमच्यातल्या एका काकूंनी गाइडला विचारलं, "ही पुढं जाते कुठं?" तो म्हणाला, "पलीकडच्या बाजूला उतरते." काकूंनी पुन्हा विचारलं, "आणि तिकडं काय आहे?" गाइडनं घड्याळाकडं पाहत उत्तर दिलं, "गावं असतील."

"गावं असतील" हे दोन शब्द माझ्या मनात राहून गेले. आपण नदीचा उगम पाहायचा आणि तिच्या काठी कोण राहतं याची चौकशीही करायची नाही, हे काही बरं नाही. ती चौकशी करायला मला तब्बल १९ वर्षं लागली. २०२३ च्या जुलैअखेरीस मी त्या गावांत जाऊन आलो. आज त्यांच्याविषयी बोलणार आहे.

डोंगराच्या या दक्षिण बाजूला व्हॅले नावाचा प्रांत आहे. तिथले जर्मन बोलणारे लोक त्याला वालिस म्हणतात. ऱ्होन नदीच्या वरच्या खोऱ्यात, ब्रिग शहरापासून लाल रंगाच्या छोट्या रेल्वेनं वर गेलं, की फीश हे गाव लागतं. तिथून बसनं थोडं आत गेलं, की फीशरताल. 'ताल' म्हणजे खोरं. वस्ती जेमतेम ३०० माणसांची, पण गावाची हद्द पाहाल तर चकित व्हाल. १७० चौरस किलोमीटरहून जास्त! त्यातला बहुतेक भाग खडक आणि बर्फ. आलेच हिमनदीचा मोठा हिस्सा याच चिमुकल्या गावाच्या हद्दीत येतो. गावाच्या डोक्यावर दुसरी लांबलचक हिमनदी आहे, फीशर नावाची. तिच्यातून निघणारी नदी गावातून वाहते. तिचं नाव 'श्वेतजल' अशा अर्थाचं आहे, आणि ते शब्दशः खरं आहे. बर्फ सरकताना खालचा खडक जात्यासारखा दळत असतो. ते दगडाचं पीठ पाण्यात मिसळतं आणि पाणी दुधी, राखाडी झाक असलेलं दिसतं.

गावातली जुनी घरं लार्च वृक्षाच्या लाकडाची, उन्हानं काळी पडलेली. धान्याची कोठारं लाकडी खुंटांवर उभी, आणि प्रत्येक खुंटाच्या माथ्यावर जात्याच्या तळीएवढा गोल चपटा दगड. उंदीर खुंट चढून आला, तरी दगडाला वळसा घालून वर जाऊ शकत नाही. ही युक्ती शेकडो वर्षांची. अशा हिशेबी, काटकसरी माणसांचं हे गाव.

या माणसांच्या पूर्वजांनी १६७८ मध्ये एक नवस बोलला.

त्या काळात युरोपातली थंडी वाढली होती. हवामानाचे अभ्यासक त्या काही शतकांना 'लघु हिमयुग' म्हणतात. हिमनद्या खाली सरकत होत्या. कुरणं, रानं, वाटा बर्फाखाली जात होत्या. १६५३ मध्ये शेजारच्या नाटर्स गावच्या लोकांनी जेझुइट पाद्र्यांना बोलावून थेट हिमनदीच्या तोंडापर्यंत मिरवणूक नेली होती आणि सरकत्या बर्फासमोर संत इग्नेशियसची स्थापना केली होती. बर्फाला सांगायचं, बाबा, आता इथंच थांब!

फीश आणि फीशरतालच्या लोकांची भीती मात्र थोडी वेगळी होती. आलेच हिमनदीच्या कडेला, डोंगराच्या एका खोलगट जागेत, मेर्येलेन नावाचं तळं होतं. त्याच्या एका बाजूला बांध होता तो खुद्द हिमनदीचा. बर्फाची भिंत आणि तिच्याआड साठलेलं पाणी. हिमनदी फुगली की तळंही फुगायचं, आणि मग कधी तरी ते पाणी एकदम सुटायचं. कधी बर्फाखालून दुसऱ्या खोऱ्यात जायचं, तर कधी काठ ओलांडून फीशच्या अंगावर यायचं. रात्री झोपलेल्या गावाला त्याची कल्पनाही नसायची.

म्हणून गावानं नवस केला. आम्ही सदाचरणानं राहू, प्रार्थना करू, देवानं ही हिमनदी वाढू देऊ नये. हा नवस साधासुधा नव्हता. तो रीतसर पोपपर्यंत पोहोचवलेला, पिढ्यान् पिढ्या पाळायचा. पुढं १८६२ पासून दरवर्षी ३१ जुलैला, संत इग्नेशियसच्या दिवशी, जवळच्या अर्नरवाल्ड या रानातल्या चॅपेलपर्यंत मिरवणूक जाऊ लागली.

आता गंमत पाहा. मिरवणूक सुरू झाली तेव्हा आलेच हिमनदी तिच्या अलीकडच्या इतिहासातली सर्वांत मोठी होती. १८६० च्या सुमाराला तिनं कळस गाठला आणि मग ती मागं फिरली. नवस पावला म्हणायचा! तरीही लोक नुसत्या प्रार्थनेवर विसंबून राहिले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी मेर्येलेन तळ्याचं जादा पाणी हळूहळू काढून देण्यासाठी डोंगरातून बोगदा खोदला. तो तयार होईपर्यंत हिमनदी एवढी उतरली होती, की तळंच ओसरू लागलं आणि बोगद्याला फारसं काम उरलं नाही. आज त्या मोठ्या तळ्याच्या जागी डबक्याएवढं पाणी आहे. शेजारच्या छोट्या तळ्याला बांध घालून खालच्या वस्त्यांसाठी पाणी साठवलं जातं. ज्या जागेतून पूर येईल म्हणून पणजोबा घाबरले, त्याच जागी पणतू पाणी साठवून ठेवतो आहे. या गावाची सगळी कहाणी या एका गोष्टीत आली.

नवस मात्र सुरूच होता. दरवर्षी ३१ जुलैला लोक जमत होते आणि बर्फ कमी होऊ दे म्हणून प्रार्थना करत होते. बर्फ तर डोळ्यांदेखत कमी होत होतं. हिमनदी तीन किलोमीटरहून अधिक मागं गेली. शेवटी लोकांच्या मनात आलं, आपण हे काय मागतो आहोत? पण पोपच्या दरबारी रुजू झालेला नवस परस्पर कसा बदलणार? म्हणून २००९ मध्ये त्यांनी व्हॅटिकनकडं परवानगी मागितली. तेव्हा बेनेडिक्ट सोळावे पोप होते. पुढच्या वर्षी मान्यता मिळाली आणि ३३० वर्षांहून जुना नवस उलटा झाला. आता गाव प्रार्थना करतं, की बर्फ राहू दे.

मी गेलो तो मुक्काम मुद्दाम ३१ जुलै साधूनच ठरवला होता. ज्यांच्या घरी उतरलो होतो, ते आजोबा ऐंशीच्या घरातले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. नातू दुभाषाचं काम करत होता. सकाळी लवकर निघालो. पुढं क्रूस, मागं पाद्री, त्यामागं आम्ही. माणसं मोजकीच, बरीचशी वयस्क. रानातली चढाची वाट, हातात जपमाळा, एकानं सुरुवात करायची आणि बाकीच्यांनी साथ द्यायची. डोळे मिटून ऐकलं असतं, तर एखादी छोटी दिंडी चालली आहे असंच वाटलं असतं. चॅपेलपाशी सगळे उभे राहिले. प्रार्थना झाली. घरी जाताना आजोबा नातवाकरवी म्हणाले, की त्यांच्या लहानपणी ते याच वाटेनं आईचा हात धरून येत आणि बर्फ जाऊ दे असं म्हणत. आता तेच तोंड बर्फ राहू दे म्हणतं. देवाचा गोंधळ होत असेल, असं म्हणून ते हसले.

तुमच्याकडं असं काही करतात का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, की आमच्याकडं पाऊस लांबला तर काही गावांत महादेवाचा गाभारा पाण्यानं भरतात, पिंड बुडवतात. पाऊस आला की पाणी सोडून देतात. त्यांनी ते लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, हे बरं आहे, सोडून द्यायला तुम्हाला रोमला जावं लागत नाही!

दुपारी आम्ही केबल कारनं एगिसहॉर्न नावाच्या डोंगरावर गेलो. युंगफ्राऊवरून जिचं डोकं पाहिलं होतं, ती हिमनदी आता कुशीतून दिसत होती. एक भलंमोठं वळण, सुमारे २० किलोमीटर लांबीचा प्रवाह आणि त्यावर लांबच लांब काळ्या रेघा. उपनद्या येऊन मिळतात तेव्हा त्यांनी वाहून आणलेला दगडगोटा मधोमध अडकतो आणि तशाच रेघा खालपर्यंत जातात. वर, जिथं मोठे बर्फप्रवाह एकत्र येतात, त्या कोंकॉर्डिया नावाच्या पठारावर बर्फाची जाडी ८०० मीटरहून जास्त आहे. हे सगळं बर्फ वर्षाला दोनशे मीटरपर्यंत वेगानं सरकतं, पण नजरेला अगदी स्तब्ध दिसतं.

पण नातवानं मला बर्फ दाखवण्याऐवजी समोरचा डोंगर दाखवला. वर हिरवी झाडी आणि तिच्याखाली, बर्फाच्या वर, फिकट, उघड्या दगडांचा एक लांबलचक पट्टा. धरणाचं पाणी उतरल्यावर काठावर जशी खूण राहते, तशी. एकोणिसाव्या शतकात बर्फ त्या रेषेपर्यंत होतं. कोंकॉर्डियाच्या काठावर गिर्यारोहकांसाठी एक झोपडी आहे, १८७७ मध्ये बांधलेली. तेव्हा बर्फावरून थोडंसं चढलं की तिथं पोहोचता येत असे. आज कड्याला ठोकलेल्या लोखंडी जिन्याच्या साडेचारशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. झोपडी वर गेलेली नाही, बर्फ खाली गेलं आहे, आणि दर काही वर्षांनी जिन्याला खाली आणखी पायऱ्या जोडाव्या लागतात.

उतरणारं बर्फ जुन्या गोष्टीही परत करतं. मार्च १९२६ मध्ये पलीकडच्या लोचेनताल खोऱ्यातले तीन भाऊ या हिमनदीवर गेले आणि परतले नाहीत. ८६ वर्षांनी, २०१२ मध्ये, त्यांचे अवशेष बर्फातून वर आले.

तुम्ही म्हणाल, बर्फ गेलं तर गेलं, गावाचं काय बिघडतं? पुराची भीती टळली, थंडी कमी झाली. तर बिघडतं ते पाण्याचं. सह्याद्रीनं पाऊस अडवला, की पलीकडचे माण-खटाव कोरडे राहतात. तसंच या ऱ्होनच्या खोऱ्याचं आहे. दोन्ही बाजूंना चार-चार हजार मीटरचे डोंगर, त्यामुळं हा स्वित्झर्लंडमधला सर्वांत कोरड्या भागांपैकी एक. इथली कुरणं, फळबागा आणि द्राक्षमळे उन्हाळ्यात हिमनद्यांच्या पाण्यावर जगतात. त्यासाठी शेतकऱ्यांनी मध्ययुगापासून कड्यांच्या अंगाला पाट काढले. काही ठिकाणी सरळ कड्याला लाकडी पन्हळी टांगल्या आहेत. पाणीपाळी ठरलेली, दुरुस्तीची पाळीही ठरलेली. धुळे-नाशिककडची फड पद्धत ज्यांना माहीत आहे, त्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल. या पाटांवर पाण्यानं फिरणारा एक हातोडा बसवलेला असे. पाणी वाहतंय तोवर तो ठोके देत राहायचा. ठोके थांबले, की पाटकऱ्यानं समजायचं, वर कुठं तरी पाट फुटला. अंधारात, कड्याच्या कडेनं, तो दुरुस्तीला निघायचा. युरोपातल्या अशा पारंपरिक सिंचनाला २०२३ मध्ये युनेस्कोनं वारसा म्हणून मान्यता दिली.

आलेच हिमनदीच्या पाण्यावर १९६७ पासून गेबिडेम नावाचं १२२ मीटर उंचीचं धरण उभं आहे. त्यावर वीज तयार होते. सध्या तरी पाणी कमी पडत नाही, कारण बर्फ जास्त वितळतं तेव्हा आधी पाणी वाढतं. बँकेतली मुद्दल मोडून खाणाऱ्या माणसाला काही वर्षं फार सुखाची वाटतात, त्यातला हा प्रकार. मुद्दल संपत आली, की ऑगस्टमधली नदी आटायला लागणार. स्वित्झर्लंडमधल्या हिमनद्यांनी २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून आपलं १० टक्के बर्फ गमावलं. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये आलेच हिमनदीचं भवितव्य मांडलं. जगानं पॅरिस करार नीट पाळला, तरी या शतकाच्या अखेरीपर्यंत निम्म्याहून अधिक बर्फ जाईल. नाही पाळला, तर उरतील ती बर्फाची काही ठिगळं. हिमनदी सावकाश प्रतिसाद देते. आज तिचं जे टोक मागं सरताना दिसतं, ते गेल्या काही दशकांतल्या उष्णतेचं उत्तर आहे. आजच्या उष्णतेचं उत्तर अजून यायचं आहे.

आणि भीतीही संपलेली नाही, तिनं फक्त रूप बदललं. बर्फ शेकडो वर्षं डोंगराच्या उताराला टेकू देऊन उभं होतं. तो टेकू गेला, की उतार सैल पडतो. आलेचच्या काठच्या मोसफ्लू या उतारावर २०१६ च्या शरद ऋतूत असंच झालं. हळूहळू सरकणारा डोंगर अचानक वेगानं घसरू लागला, जमिनीला मोठमोठ्या भेगा पडल्या, पायवाटा बंद कराव्या लागल्या.

मी परत आल्यावर दोन वर्षांनी, २८ मे २०२५ रोजी, त्या तीन भावांच्याच लोचेनतालमधून बातमी आली. ब्लाटन नावाचं गाव दगड आणि बर्फाच्या लोंढ्याखाली गेलं. वरच्या शिखराचे कडे ढासळून लहानशा बिर्च हिमनदीवर पडत होते. त्या ओझ्यानं ती पुढं रेटली गेली आणि अखेर सगळंच कोसळलं. एवढ्या उंचीवरची कायम गोठलेली जमीन उष्णतेनं सैल होणं, हे यामागचं एक कारण मानलं जातं. सगळा दोष हवामानावर टाकता येत नाही, हेही शास्त्रज्ञ सांगतात. गावाचा सुमारे ९० टक्के भाग काही क्षणांत गाडला गेला. नदी अडली, तळं साचलं आणि वाचलेली घरंही पाण्यात गेली. पण डोंगरावर नजर ठेवणाऱ्यांनी धोका ओळखला होता. नऊ दिवस आधी, १९ मे रोजी, ३०० माणसं आणि त्यांची गुरं बाहेर काढलेली होती. एक जण दगावला. बाकीचं गाव जिवानिशी वाचलं. ती छायाचित्रं पाहताना मला माळीण आठवलं. ३० जुलै २०१४ ची सकाळ. तिथं कुणी आधी जाऊन दार वाजवलं नव्हतं.

मग त्या नवसाचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. मीही आजोबांना भीत भीत विचारलं होतं, प्रार्थनेनं बर्फ राहील असं तुम्हाला वाटतं का? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग नातवाला काही तरी सांगितलं. त्याचा मथितार्थ असा, की लोक नवसाचा मागण्याचा भाग तेवढा लक्षात ठेवतात. नवसाला दुसरा भागही होता, नीट वागू असं कबूल केल्याचा. मागणं बदलायला रोमची परवानगी लागली. कबुली बदललेली नाही.

मला वाटतं, या सगळ्या कहाणीत महत्त्वाचं हेच आहे. १६७८ मध्ये बर्फ पुढं येत होतं, त्यात त्या माणसांचा काही हात नव्हता. नीट वागण्यानं बर्फ थांबणार, ही त्यांची श्रद्धा होती. आज मात्र वागण्याचा आणि बर्फाचा संबंध श्रद्धेचा राहिलेला नाही. तो हिशेबाचा आहे. आपण जाळलेला कोळसा आणि तेल त्या हिशेबात मांडलेलं आहे. नवसाचा दुसरा भाग साडेतीनशे वर्षांनी असा खरा ठरला.

फक्त तो पाळायचा कुणी? फीशरतालची ३०० माणसं कितीही सदाचरणानं राहिली, तरी त्यांच्यानं हे निभणार नाही. निघताना नातवानं सहज विचारलं, तुम्ही भारतातून किती तासांत आलात? मी विमानाचे तास सांगितले. त्यानं नुसती मान डोलावली, पण मला मात्र ओशाळल्यासारखं झालं. वितळणारं बर्फ पाहायला मी दोनदा अर्धं जग ओलांडून गेलो होतो आणि दोन्ही वेळा ते वितळायला माझ्यापुरता हातभार लावून आलो होतो.

युंगफ्राऊला जाऊ नका, असं मी कुणाला सांगणार नाही. मला तो अधिकार नाही. पण गेलात, तर त्या गच्चीवर फोटो काढून झाल्यावर दक्षिणेकडं जरा जास्त वेळ पाहा. तो पांढरा रस्ता कुठं जातो, असं बरोबरच्या एखाद्या मुलानं विचारलं, तर "गावं असतील" असं म्हणू नका. त्याला फीश आणि फीशरतालची नावं सांगा. तिथली माणसं ३१ जुलैला सकाळी रानातली वाट चढून जातात आणि काय मागतात, तेही सांगा. कबूल काय केलं होतं, हे सांगायलाही विसरू नका.